मलबार हिलचा गोळीबार आणि न झालेली चौकशी : बावला खून प्रकरण, १९२५

बावला खून प्रकरणाचा निकाल लागला, तिघांना फाशीची शिक्षा झाली, आणि पुढच्या वर्षी इंदूरच्या महाराजांची गादीही गेली. एवढं होऊनही या प्रकरणातला पहिला प्रश्न तिथंच आहे : माणसं पाठवली कुणी? हल्ल्यात कोण होते हे कोर्टानं ठरवलं. हुकूम कुणाचा होता हे ठरवायची वेळ आली तेव्हा चौकशी होऊच दिली गेली नाही. ती होऊ नये या अटीवर सौदा झाला, आणि तो सौदा खुद्द महाराजांच्या शब्दांत नोंदलेला आहे.

म्हणून हे प्रकरण मी न सुटलेल्या प्रकरणांत धरतो. मराठीत ते बहुतेक वेळा राजा, नायकीण आणि श्रीमंत प्रियकर यांची रंगेल कथा म्हणून सांगितलं जातं. ऐकणाऱ्यालाही तेवढंच हवं असतं. पण अशा सांगण्यात एक बाई मोहिनी होऊन बसते आणि तिनं कोर्टात शपथेवर काय सांगितलं ते कुणी वाचतच नाही. ते वाचलं की या प्रकरणात एक नव्हे, दोन गुन्हे दिसतात. एकाचा अर्धा तपास झाला. दुसऱ्याचा मुळीच झाला नाही.

मलबार हिल, १२ जानेवारी १९२५

अब्दुल कादर बावला हा मुंबईतला तरुण मेमन व्यापारी. कापडाच्या धंद्यातला, शहरातल्या अत्यंत धनवान मुसलमानांत गणला जाणारा, महापालिकेच्या कामकाजातही असलेला. सोमवारी संध्याकाळी तो आपल्या मोटारीतून मलबार हिलवर फिरायला निघाला. बरोबर मुमताज बेगम होती, पूर्वी इंदूरच्या महाराजांकडं असलेली नायकीण. तेव्हा ती त्याच्याकडेच राहत होती.

मागून दुसरी मोटार आली, पुढं घुसली, आणि बावलाच्या गाडीला थांबणं भाग पडलं. त्या गाडीतून माणसं उतरली. शिवीगाळ सुरू झाली. ‘बाईला बाहेर काढा’ असं ते ओरडत होते, असं मुमताजनं पुढं उच्च न्यायालयात सांगितलं. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर धारदार शस्त्राचे वार झाले. बावला त्यानंतर काही तासांतच मरण पावला.

एवढ्यावर हल्लेखोर निघून गेले असते तर कदाचित हे प्रकरण अज्ञात इसमांच्या नावे दप्तरी जमा झालं असतं. पण गोल्फ खेळून परतणाऱ्या काही इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांची गाडी चुकीच्या वळणानं नेमकी त्या रस्त्याला लागली होती. गोळ्यांचा आवाज ऐकून ते धावले. त्यांतला लेफ्टनंट सीगर्ट हातातल्या गोल्फच्या दांड्यानिशीच हल्लेखोरांवर तुटून पडला. त्यालाही गोळी लागली. तरी या मंडळींनी एकाला जागीच धरून ठेवलं. त्याचं नाव शफी अहमद.

आता या घटनेतला एक तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. बावला कोसळला होता, गोरे अधिकारी येऊन पोचले होते, आपला एक माणूस पकडला गेला होता. कुठलाही दरोडेखोर किंवा सुपारी घेतलेला मारेकरी अशा वेळी पळ काढतो. हे लोक पळाले नाहीत. जखमी मुमताजला इस्पितळात नेऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हातून तिला हिसकावून घ्यायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला.

याचा अर्थ सरळ आहे. बावलाचा जीव घेणं हे त्यांचं मुख्य काम नव्हतं. त्यांना मुमताज हवी होती, आणि तिला घेतल्याशिवाय परत जाण्याची त्यांची तयारी नव्हती. पैशासाठी आलेला माणूस इतका धोका पत्करत नाही. रिकाम्या हातानं परत गेलो तर काय होईल, याची धास्ती असलेला माणूस पत्करतो.

मग चेहऱ्यावर वार कशासाठी? पळवूनच न्यायचं होतं तर तिला विद्रूप करण्याचं कारण काय? यावर माझा तर्क असा की या माणसांना दोन सूचना असाव्यात : जमलं तर आणा, नाही जमलं तर ती कुणाच्याच कामाची राहता कामा नये. ऐन झटापटीत रागाच्या भरात कुणी वार केले असंही असू शकतं. पण घर सोडून गेलेल्या बाईचा चेहरा बिघडवणं ही आपल्याकडं जुनी शिक्षा आहे, आणि ती शिक्षा देणारा स्वतःला त्या बाईचा मालक समजत असतो. बावलाच्या शत्रूला हे सुचलं नसतं.

मुमताजनं काय सांगितलं

मुमताज तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेली होती. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर, तिसरे, यांच्याकडं ती दहा वर्षं होती, असं न्यायमूर्तींनीच पुढं नमूद केलं. म्हणजे ती इंदूरच्या राजवाड्याशी जोडली गेली तेव्हा पोरवयातच होती. रंगवून सांगितलेल्या कथांत हा हिशेब कुणी मांडत नाही. ‘महाराजांची लाडकी’ म्हटलं की डोळ्यांपुढं एक जाणती, डावपेची बाई उभी राहते. तिथं खरं तर एक मुलगी होती, आणि तिथं जायचं की नाही हे तिला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

इंदूरमधल्या दिवसांबद्दल तिची साक्ष अशी : तिच्यावर पाळत असे. नातेवाईक, भेटायला येणारे यांना ती भेटू शके, पण सोबत कुणी ना कुणी हजर असायचंच. पुढं तिला मुलगी झाली. ती मुलगी जन्मल्यावर लगेचच गेली. मुमताजनं कोर्टाला सांगितलं की मूल झाल्यावर तिला इंदुरात राहायचं नव्हतं, कारण झालेली मुलगी तिथल्या नर्सांनी मारून टाकली.

हे वाक्य मुंबई उच्च न्यायालयात, शपथेवर, भर गर्दीत उच्चारलं गेलं. वृत्तपत्रांत छापून आलं. आणि तिथंच राहिलं. खटला बावलाच्या खुनाचा होता. मुंबईच्या कोर्टाला इंदूरच्या राजवाड्यात झालेल्या बाळाच्या मृत्यूवर अधिकार नव्हता, त्यामुळं कायद्याच्या दृष्टीनं ते वाक्य फक्त तिनं इंदूर का सोडलं याचं कारण म्हणून नोंदलं गेलं. तिचा आरोप खरा की खोटा हे मी ठरवू शकत नाही. आईला तसं वाटलं, म्हणून तसं घडलंच, असंही म्हणता येत नाही. पण एका बाईनं आपल्या बाळाचा खून झाल्याचं न्यायाधीशांसमोर सांगावं आणि जगातल्या एकाही यंत्रणेनं त्याची चौकशी करायची नसावी, ही गोष्ट मला मलबार हिलवरच्या गोळीबाराइतकीच भयंकर वाटते.

त्यानंतर काही महिन्यांत ती इंदुरातून निसटली आणि अमृतसरला गेली. ते तिच्या आईचं गाव. तिथंही नजर होतीच. तिच्या सावत्र वडिलांनी कोर्टात सांगितलं की महाराज रडले, परत ये म्हणून त्यांनी विनवण्या केल्या. ती बधली नाही. मुंबईला आली. मुंबईतही पाळत सुटली नाही, आणि ज्यानं तिला आसरा दिला त्या बावलाला निरोप यायला लागले. महाराजांच्या माणसांनी त्याला बजावलं होतं की हिला ठेवशील तर परिणाम भोगशील. हे खटल्यात पुढं आलं. बावलानं त्या धमक्यांना भीक घातली नाही.

एवढं सगळं सलग वाचलं की १२ जानेवारीची संध्याकाळ अचानक घडलेली वाटत नाही. आधी विनवणी, मग पाळत, मग धमकी आणि शेवटी मोटारभर माणसं. एकाच मागणीचा आवाज चढत गेलेला दिसतो.

रजेचे अर्ज

शफी अहमद हाती लागल्यामुळं तपासाला तोंड मिळालं. त्याच्याकडून मिळालेल्या माहितीवरून मुंबई पोलिसांनी इंदूरकडच्या सात जणांना पकडलं. आणि मग जे कागद पुढं आले ते कुठल्याही कबुलीजबाबापेक्षा बोलके होते. अटक झालेल्यांपैकी बहुतेक जण इंदूर संस्थानच्या नोकरीत होते. त्यांनी साधारण एकाच सुमारास रजेचे अर्ज केले होते. आणि खुनाच्या वेळी ते मुंबईत होते.

गुन्ह्याच्या तपासात असा कागद हाती लागणं ही मोठी गोष्ट. साक्षीदार उलटतो, ओळखपरेडीत गोंधळ होतो, कबुली मागं घेता येते. रजेचा अर्ज मात्र संबंधित माणसानं स्वतः, बिनधोक मनानं, कुणी तपासेल अशी शंकाही नसताना लिहिलेला असतो. त्यावर तारीख असते. आणि त्यावर वरिष्ठाची मंजुरी असते. वेगवेगळ्या खात्यांतले लोक एकाच वेळी रजेवर जातात आणि एकाच शहरात, एकाच मोटारीच्या आसपास सापडतात, तेव्हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. आणि मंजुरी देणाऱ्याला काय माहीत होतं, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आरोपींत पुष्पशील पोंडे, शामराव दिघे अशी नावं होती, आणि आनंदराव गंगाराम फणसे हेही. फणसे इंदूरच्या फौजेतले अगदी वरच्या हुद्द्याचे अधिकारी. शिपाई-प्याद्यांनी आपापसात ठरवून केलेला हा उद्योग होता असं म्हणणं त्यांचं नाव आल्यावर अवघड झालं.

पोलीस कमिशनर पॅट्रिक केली यांनी सरकारला जे कळवलं त्याचा मथितार्थ असा की आतापर्यंतचा सगळा पुरावा इंदुरात शिजलेल्या, किंवा इंदूरच्या चिथावणीनं झालेल्या कटाकडं जातो, आणि कट होता भाडोत्री गुंडांकरवी मुमताजला पळवून नेण्याचा. एका पोलीस प्रमुखानं, एका मातब्बर संस्थानाबद्दल, आपल्याच सरकारला इतकं स्पष्ट लिहावं हे त्या काळात सोपं नव्हतं. फक्त ‘भाडोत्री’ हे वर्णन मला अपुरं वाटतं. संस्थानची पगारी माणसं रजा टाकून आली असतील तर त्यांना भाड्यानं आणावं लागलंच नव्हतं.

तपास धिम्या गतीनं न्या, असा दबाव पोलिसांवर होता आणि केली यांनी राजीनाम्याची धमकी दिली, असं नंतर एका माजी पोलीस अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. केली यांच्या पत्रांचा सूर पाहता ते खरं असावं असं वाटतं.

इंदूर, आणि कायद्याची हद्द

आजच्या वाचकाला इथं एक अडचण येते. खून मुंबईत झाला, कट इंदुरात झाला, दोन्ही ठिकाणी इंग्रजांचंच राज्य, मग घोडं अडलं कुठं?

अडलं ते असं. मुंबई हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता. इंदूर हे संस्थान. तिथं होळकरांचा अंमल, होळकरांची कोर्टं. होळकर एकोणीस तोफांच्या सलामीचे मानकरी. मध्य हिंदुस्थानातल्या संस्थानांवर देखरेख करणाऱ्या गव्हर्नर जनरलच्या एजंटचं ठाणंही इंदुरातच होतं, म्हणजे संस्थान किती महत्त्वाचं मानलं जाई ते लक्षात येतं. मुंबई पोलिसांना तिथं मनमानी झडती घेता येत नव्हती. आणि स्वतः महाराज तर ब्रिटिश फौजदारी कोर्टाच्या कक्षेतच येत नव्हते. त्यांना आरोपी करणं दूर, साक्षीला बोलावणंही खटला चालवणाऱ्यांच्या हातात नव्हतं.

वर आणखी एक गोष्ट. १९२२ साली व्हाईसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी, मध्यवर्ती विधिमंडळाचा विरोध डावलून, संस्थानिकांना संरक्षण देणारा कायदा आणला होता. संस्थानिकांविषयी द्वेष किंवा तुच्छता पसरेल असं काही ब्रिटिश हद्दीत छापणं हा त्या कायद्यानं गुन्हा झाला. मुंबईतले मराठी, गुजराती आणि इंग्रजी पत्रकार हे प्रकरण छापत होते ते ही टांगती तलवार डोक्यावर घेऊन. कोर्टात जे बोललं जाईल तेवढं छापणं त्यातल्या त्यात सुरक्षित. म्हणूनच या खटल्यातली साक्ष न् साक्ष इतक्या हावरेपणानं वाचली गेली. बाहेर जे म्हणता येत नव्हतं ते तिथं, साक्षीच्या पिंजऱ्यातून, ऐकायला मिळत होतं.

सरकारनं उघडपणे इंदूरचं नाव घ्यायचं टाळलं. आतला पत्रव्यवहार मात्र काळजीनं भरलेला आहे. बावलाचा मेमन समाज पैसेवाला होता, संघटित होता, त्यानं गाऱ्हाणं सरकारदरबारी नेलं. महापालिकेतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी, यामागं आणखी काहीतरी असलंच पाहिजे, असं बोलून दाखवलं. दिल्लीत विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, आणि विषय लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्सपर्यंत पोचला. बावलाऐवजी मुमताजचा कुणी गरीब सारंगीवाला मेला असता तर यातलं काय काय घडलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

खटला

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती क्रम्प यांच्यापुढं, ज्यूरीसमोर, नऊ आरोपींवर खटला चालला. सरकारच्या बाजूनं अॅडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा. फणसे यांच्या बचावाला बॅरिस्टर महंमद अली जिना, जे तेव्हा मुंबईच्या वकिलीतलं पहिल्या रांगेतलं नाव होते. मे १९२५मध्ये निकाल आला. शफी अहमद, पोंडे आणि दिघे यांना फाशी. आणखी काही जणांना जन्मठेप, म्हणजे तेव्हाच्या भाषेत काळं पाणी. फणसे यांचा फास जिनांनी टाळला.

खून जानेवारीत, निकाल मे महिन्यात. साडेचार महिन्यांत इतकं गुंतागुंतीचं प्रकरण तडीला गेलं. यासाठी पोलिसांना आणि कोर्टाला श्रेय द्यायलाच हवं.

पण या वेगाला एक कारण होतं. प्रश्न मर्यादित ठेवला गेला. कोण त्या मोटारीत होतं, कोण कटात होतं, कुणी हत्यार चालवलं. कटाबद्दलचं स्वतंत्र कलम भारतीय दंडविधानात १९१३मध्ये आलं होतं, त्यामुळं प्रत्यक्ष गोळी न झाडणाऱ्यालाही पकडता येत होतं. त्या कलमाची दोरी जितकी लांब ओढाल तितका माणूस वर सापडतो. इथं ती फणसे यांच्यापर्यंत ओढली गेली आणि थांबली. त्याच्या वरच्या पायरीवर कायद्याचा हात पोचतच नव्हता.

न्यायमूर्ती क्रम्प यांना ही उणीव दिसत होती आणि त्यांनी ती लपवली नाही. या हल्लेखोरांच्या मागं अशी माणसं होती ज्यांचा नेमका निर्देश आपण करू शकत नाही, असं त्यांनी नोंदवलं. आणि पुढं असंही म्हटलं की जी बाई दहा वर्षं इंदूरच्या महाराजांची रखेल होती तिला पळवण्याचा प्रयत्न होतो, तेव्हा हा हल्ला इंदूरच्या दिशेनं आला असावा असं समजण्यात काहीच गैर नाही.

हे शब्द फार तोलून वापरलेले आहेत. ‘इंदूर’ म्हणजे महाराज असं ते म्हणत नाहीत. इंदूर म्हणजे दरबार, मानकरी, महाराजांची मर्जी राखू पाहणारे अधिकारी, कुणीही असू शकतं. राजाच्या मनात काय आहे ते ओळखून, त्यानं न सांगताच, त्याला खूश करायला धावणारी माणसं प्रत्येक दरबारात असतात. महाराजांनी तोंडी हुकूम दिला, की कुणी उत्साही माणसानं परस्पर बेत रचला, की महाराजांना कळलं आणि त्यांनी कानाडोळा केला, या तीन शक्यतांमध्ये गुन्ह्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. खटल्यातल्या पुराव्यावरून त्यांतली एकही नक्की करता येत नाही.

चौकशी की गादी

मग सरकारनं महाराजांपुढं दोन वाटा ठेवल्या. चौकशी आयोगाला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६मध्ये तुकोजीरावांनी गादी सोडली. पुत्र यशवंतराव तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांच्या नावे राज्य करून देताना महाराजांनी लिहिलं की मलबार हिलच्या दुर्घटनेशी आपल्या कथित संबंधाची पुढं कोणतीही चौकशी होणार नाही, या समजुतीवर आपण गादी सोडत आहोत.

बहुतेक लोक इथं निष्कर्ष काढून मोकळे होतात : निर्दोष माणूस गादी कशाला सोडेल? मी या मुद्द्यावर थोडा थांबतो, कारण मला तो तितका पक्का वाटत नाही.

बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, बडोद्यात, हाच प्रसंग दुसऱ्या एका मराठी राजावर आला होता. नोव्हेंबर १८७४मध्ये तिथले रेसिडेंट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड. संशय मल्हारराव गायकवाडांवर. सरकारनं सहा जणांचा आयोग नेमला. तीन इंग्रज, आणि तीन हिंदी : ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रज सदस्यांनी मल्हाररावांना दोषी धरलं. हिंदी सदस्यांच्या मते आरोप सिद्ध झाला नव्हता. तीन विरुद्ध तीन. आणि तरी एप्रिल १८७५मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलंच, विषप्रयोगासाठी नव्हे तर गैरकारभाराचं कारण दाखवून.

हा इतिहास होळकरांना माहीत नसणं शक्य नाही. आयोगासमोर गेलं आणि निर्दोष सुटलं तरी गादी वाचेल याची हमी नव्हती. आयोगानं फक्त सल्ला द्यायचा, शेवटचा शब्द सरकारचा. शिवाय आयोग बसला की मुमताजच्या दहा वर्षांची, त्या मुलीची, जनानखान्यातल्या प्रत्येक गोष्टीची जाहीर चिरफाड होणार. खुनाशी काडीचा संबंध नसलेला राजाही या सगळ्याला घाबरून मागं सरला असता. तुकोजीरावांच्या वडिलांनी, शिवाजीरावांनी, १९०३मध्ये गादी सोडली होती. १९२३मध्ये पंजाबातल्या नाभा संस्थानच्या महाराजांनाही गादी सोडावी लागली होती. संस्थानिकांना ही वाट ठाऊक होती.

तेव्हा गादी सोडणं ही कबुली नव्हे. पण निर्दोषपणाचं प्रमाणपत्रही ते नव्हे. त्यांच्या अटीतले शब्द पुन्हा वाचा. आपला मान, तनखा किंवा मुलाचा वारसा याच गोष्टी मागून ते थांबले असते तर प्रश्न राजकारणापुरता राहिला असता. त्यांनी चौकशी होणार नाही याची हमी लेखी मागितली, आणि सरकारनं ती मान्य केली.

माझा रोख इथं महाराजांपेक्षा सरकारवर अधिक आहे. महाराजांना स्वतःचा बचाव करण्याचा हक्क होता. सरकारला मात्र एका खून झालेल्या माणसाच्या बाजूनं सत्य शोधण्याचं कर्तव्य होतं, आणि ते त्यांनी एका राजकीय सोयीसाठी सोडून दिलं. रजा मंजूर करणारा कोण, मोटारी आणि मुंबईतल्या मुक्कामाचा खर्च कुणाच्या खात्यातून झाला, इंदूर आणि मुंबईच्या दरम्यान त्या आठवड्यांत कोणत्या तारा गेल्या, बावलाला धमकी द्यायला कुणी कुणाला धाडलं होतं : हे प्रश्न आयोगाला विचारता आले असते आणि मुंबई पोलिसांना न दिसणारे इंदूरचे कागद व साक्षीदार त्याच्यासमोर आले असते. लॉर्ड रीडिंग यांची व्हाईसरॉयपदाची मुदत एप्रिल १९२६मध्ये संपत होती. जाण्याआधी त्यांनी हे प्रकरण आवरतं घेतलं.

दुसरी बाजूही आहे. आयोग नेमला असता तर इतर संस्थानिक बिथरले असते, आणि १९२१मध्येच स्थापन झालेल्या नरेंद्र मंडळाचा, म्हणजे संस्थानिकांच्या सभेचा, डोलारा हलला असता. सरकारच्या दृष्टीनं हे हिशेब खरे होते. पण त्याच खटल्यातल्या तिघांना फाशीची शिक्षा देताना कुणी असा हिशेब केला नाही. ज्यांनी कुणाचा तरी शब्द पाळला ते फासापर्यंत गेले आणि शब्द देणारा कोण होता हे कायमचं झाकलं गेलं. तिघेही गुन्हेगार होते, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती वाटत नाही. पण हा न्याय अर्धाच आहे.

१९२८मध्ये तुकोजीरावांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी, तिनं हिंदू धर्म स्वीकारल्यावर, लग्न केलं, आणि वर्तमानपत्रांचं लक्ष तिकडं वळलं. यशवंतरावांनी पुढं राज्यकारभार हाती घेतला. मुमताजला हॉलिवूडची बोलावणी आली, ती अमेरिकेला गेली आणि मग तिचं नाव कुठं ऐकू येत नाही. तिनं आपला चेहरा आणि आपली कहाणी घेऊन तिथं काय केलं असेल, याबद्दल रंजक कथा रचायला भरपूर वाव आहे, म्हणूनच त्या वाटेला न गेलेलं बरं.

आता काय शोधता येईल

आरोपी, साक्षीदार, न्यायाधीश, महाराज, सगळे गेले. कुणावर खटला भरायचा नाही. पण कागद अजून बोलू शकतात. मुंबई सरकार आणि हिंदुस्थान सरकार यांच्यातला पत्रव्यवहार उरला आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र व राजकीय खात्याची दप्तरं आहेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात गृहखात्याची. लंडनला इंडिया ऑफिसची. या प्रकरणावर लिहिणारे आजवर मुख्यतः खटल्याच्या बाजूनं गेले, कारण खटल्यात नाट्य आहे. आता जायला हवं ते संस्थानच्या रोजच्या कारभाराच्या बाजूनं : फौजेच्या रजेच्या नोंदी, मोटारखान्याची वही, खासगीकडचा खर्च, डिसेंबर १९२४ आणि जानेवारी १९२५ या दोन महिन्यांचा. ज्याला मोडी आणि दरबारी हिशेबाची भाषा वाचता येते अशा मराठी अभ्यासकाला हे काम इतर कुणापेक्षा चांगलं जमेल.

आणि त्याच दप्तरांत आणखी एक शोध घ्यायला हवा. राजवाड्यात जन्मलेल्या मुलाची नोंद होते, सुईणीला, डॉक्टरणीला, नर्सला पैसे दिले जातात, त्यांची नावं पगारपत्रकावर चढतात. मुमताजच्या मुलीच्या जन्माच्या वेळी ड्यूटीवर कोण होतं, बाळ किती दिवस जगलं, मृत्यूचं कारण काय लिहिलं गेलं, आणि त्या नर्सांना त्यानंतर बढती, बक्षीस किंवा बदली मिळाली का. बावलासाठी निदान एक खटला तरी उभा राहिला. या मुलीसाठी आजवर कुणी एक फाईलही मागवलेली दिसत नाही.